पाचवी किल्ली

भाड्याच्या घराची किल्ली कधी एकट्या भाडेकरूची नसते. एक आपल्याकडे आणि दुसरी मालकाच्या खुंटीला. चिंगीचा सगळा संसार असल्याच घरांत झाला होता. एक मालकीण गळका नळ बघायला म्हणून न विचारता आत शिरायची आणि जाता जाता भांड्यांवरची झाकणं उचलून बघायची. एक मालक चिंगी अंघोळीला गेली की हमखास मीटरचा आकडा लिहून घ्यायला यायचा आणि बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढून बसायचा. चिंगी वरवर हसायची, आतून धुमसायची आणि नंतर नवऱ्याला ऐकवायची, "मला बंगला नको, माडी नको. एक कुलूप हवंय. त्याच्या सगळ्या किल्ल्या माझ्या मुठीत. एकही बाहेर नाही."

नवरा छापखान्यात कामाला होता. स्वभावाने इतका मऊ की भाजीवाला त्याच्या पिशवीत डोळ्यांदेखत किडकी वांगी टाकायचा आणि हा त्यालाच "बरं आहे ना सगळं?" विचारायचा. बायकोची चाळिशी उलटली तरी तो तिला चिंगीच म्हणायचा, कारण ती उंचीने होतीच तेवढीशी. त्यानेच बँकेच्या लिलावाची जाहिरात आणली. कुणाचे तरी हप्ते थकले होते, बँकेने घर ताब्यात घेतलं होतं आणि आता ते विकायला काढलं होतं. दोघांनी होतं नव्हतं ते एकत्र केलं आणि घर त्यांना मिळालं.

ताबा द्यायला बँकेचा वसुली अधिकारी सकाळीच आला. त्याने दारावरचं लाखेचं सील फोडलं, बँकेचं भलंमोठं कुलूप काढलं आणि दारातच बजावलं, "आत जरा जपून पाय टाका. जप्तीच्या घरातून लोक जाता जाता हात धुऊन घेतात. मागच्या घरात नळ सोडाच, जिन्याचा कठडाही उपटून नेला होता."

चिंगी बाह्या सरसावून, झाडू-बादली घेऊन आली होती. खरं सांगायचं तर तिला घराची दुर्दशाच बघायची होती. आधीची बाई किती गबाळी होती हे एकदा डोळ्यांनी बघितलं की दुसऱ्याचं गेलेलं घर घेतल्याची टोचणी जरा कमी झाली असती.

आत घर लख्ख होतं. फरशी पुसलेली, खिडक्यांच्या काचा रद्दी कागदाने घासून चमकवलेल्या, मोरीत बादली उपडी घालून ठेवलेली. बल्ब सगळे जागच्या जागी, वर एक जास्तीचा कोरा बल्ब फळीवर ठेवलेला.

"कमाल आहे," अधिकारी म्हणाला. "इतकी वर्षं ताबे देतोय, असं कधी पाहिलं नाही."

"काय बाई असेल हो!" नवरा म्हणाला.

चिंगीच्या कपाळावर पहिली आठी पडली ती इथे. ती तडक स्वयंपाकघरात गेली. ओटा तिच्या छातीला लागत होता आणि वरच्या फळीला चवड्यांवर उभं राहूनही हात पोचत नव्हता.

"ताडमाड दिसतेय बाई," ती नाक मुरडून म्हणाली. "स्वतःपुरता ओटा बांधून घेतला. पुढे येणाऱ्याचा विचारच नाही."

"तिला काय माहीत आपण येणार ते?" नवरा म्हणाला आणि चिंगीचा चेहरा बघून खिडकीकडे वळला.

अधिकाऱ्याने दोन किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. "जुन्या मालकांनी एवढ्याच परत केल्यात. आणखी किती, कुणाकडे आहेत ते मला विचारू नका. आजच्या आज कुलूप बदला, एवढंच सांगतो." सह्या घेऊन तो निघून गेला.

कुलूपवाला आला आणि त्याने दारातच हत्यारं मांडून जुन्या कुलपाचे स्क्रू काढायला घेतले. तेवढ्यात समोरच्या घरातले टेलरमास्तर गळ्यातली टेप सावरत आले. त्यांच्या हातात एक किल्ली होती.

"वहिनींच्या घराची," ते म्हणाले. "आमच्याकडे असायची."

"तुमच्याकडे? ती कशाला?"

"अहो, माझी एकच खोली. माप द्यायला आलेल्या बायका कपडे घालून बघणार कुठे? वहिनी म्हणाल्या, माझी मागची खोली आहे की. मी घरात असो, नसो, उघडायची आणि वापरायची." बोलता बोलता त्यांनी टेपच्याच टोकाने डोळा पुसला. चिंगीकडे नीट न बघताच ते परत गेले.

ते जातात न जातात तोच शेजारची नर्स आली. तिच्या घरात तीन पोरं आणि एक बहिरा सासरा. टीव्हीचा आवाज नेहमी टिपेला. रात्रपाळी करून आली की ती वहिनींच्या घरात येऊन झोपायची. तिचीही एक किल्ली. मग कोपऱ्यावरच्या शिकवणीवाल्या बाई आल्या. दुपारी त्यांची शिकवणी वहिनींच्या बाहेरच्या खोलीत भरायची, कारण तिथे उजेड चांगला होता. त्यांचीही एक.

"ताई," कुलूपवाला पेचकस खाली ठेवत म्हणाला, "हे घर होतं की बसस्टँड?"

नवरा खो खो हसला. चिंगी हसली नाही. खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. बाहेर पडलेल्या किल्ल्या आपल्या पायांनी चालत परत येत होत्या. पण प्रत्येक किल्लीसरशी तिच्या पोटात दुखत होतं. साधंसुधं नाही, चांगलं पिळवटून. तिला आजवर कुणी आपल्या घराची किल्ली दिली नव्हती. सख्ख्या नणंदेने गावाला जाताना कुंड्यांना पाणी घालायला पलीकडच्या म्हातारीला सांगितलं होतं, चिंगीला नाही. आणि ही बाई! घर हातचं गेलं, दाराला सील लागलं, सगळ्या जगाने बघितलं, तरी अख्खी गल्ली घराला 'वहिनींचं घर' म्हणत होती. रीतसर पैसे मोजून घर घेतलेली चिंगी दारात उभी होती आणि तिघांपैकी एकानेही तिला "चहाला या" म्हटलं नव्हतं. ती बाई तिने डोळ्यांनी बघितलीही नव्हती, पण तिला पाण्यात बघायला सुरुवात झाली होती.

"सगळ्यांत भारी कुलूप कुठलं आहे?" तिने कुलूपवाल्याला विचारलं.

"हे घ्या. दार नुसतं ओढलं की आपोआप लागतं. तारबीर घालून उघडत नाही. किल्लीची नक्कल रस्त्यावर कुणी करून देणार नाही. पाच किल्ल्या येतात, बंद पाकिटात. पाकीट तुम्हीच फोडायचं, माझ्यासमोर."

चिंगीने पाकीट फोडलं. पाच कोऱ्या किल्ल्या तिच्या तळहातावर पडल्या आणि क्षणभर ती बाकी सगळं विसरली. तिने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग एक तेवढी नवऱ्याच्या हातावर ठेवली. दारात नवं कुलूप बसत होतं आणि समोर टेलरमास्तर शिलाई थांबवून असे बघत होते जणू त्यांच्याच घरात चोरी चालली आहे.

दुपारी गल्लीत अचानक गलका झाला. चिंगीने आधी हसणं ऐकलं आणि मग खिडकीतून बघितलं. एक उंच बाई येत होती. विटलेले कपडे, खांद्याला कापडी पिशवी, पायांत साध्या चपला. टेलरमास्तर मशीन तसंच टाकून धावले. नर्स केस न बांधताच बाहेर आली. शिकवणीवाल्या बाईंनी तर तिचा हातच धरला. चिंगीला कुणी सांगायची गरज नव्हती. पण तिला काहीतरी रुबाबदार, नटलेलं, आखडू असं ध्यान अपेक्षित होतं. रागवायला ते बरं पडलं असतं.

ती बाई दारापाशी आली आणि बाहेरच उभी राहिली.

"एक किल्ली माझ्या पाकिटातच राहिली होती," ती म्हणाली. "बँकेला देताना लक्षातच आलं नाही. रोजची सवय ना. म्हटलं, तुमची वस्तू आहे, नेऊन द्यावी."

"ती आता चालायची नाही," चिंगी अगदी गोड आवाजात म्हणाली. "कुलूप बदललं आम्ही."

हे वाक्य तिने सकाळपासून जपून ठेवलं होतं. ते ऐकून त्या बाईचा चेहरा पडावा, एवढीच तिची इच्छा होती. फार नाही, थोडासा.

बाईने कुलपाकडे नीट बघितलं. "बरं केलंत हो," ती मनापासून म्हणाली. "जुनं फार कुरकुरायचं. मीच बदलणार होते, राहून गेलं."

झालं. इतका वेळ नेम धरला आणि बाण भलतीकडेच गेला. चिंगी दात-ओठ खात राहिली.

"आत या ना, पाणी तरी घ्या," नवरा म्हणाला.

"नको. कामावर जायचंय. पलीकडच्या गल्लीतच आहे, डबे भरायचं काम." ती निघाली, पण हातातल्या निकामी किल्लीचं काय करायचं ते तिला कळेना. ती टाकून देववेना आणि ठेवून घेण्यात काही अर्थ नव्हता. चिंगीच्या नवऱ्याला ते बघवलं नाही. त्याने पुढे होऊन ती जुनी किल्ली तिच्या हातातून घेतली आणि आपल्या खिशातली नवी कोरी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"ही घ्या," तो म्हणाला. "हे घर तुमचंच समजा. कधीही या."

आता हे वाक्य कोण म्हणत नाही? सगळे म्हणतात. ते म्हणायचं असतं, समोरच्याने "हो, हो, नक्की" म्हणायचं असतं आणि दोघांनी आपापल्या वाटेने जायचं असतं. त्यासोबत किल्ली कुणी देत नाही. पण चिंगीचा नवरा एक वेडा आणि ती बाई त्याच्या वरताण. तिने नकोही म्हटलं नाही. इतकी वर्षं ती किल्ल्या देत-घेत आली होती, तिच्या हातांना तेवढंच ठाऊक होतं. तिने पाकिटातून कडं काढलं, त्यात किल्ली ओवली आणि "येईन हं," म्हणाली. टेलरमास्तरांनी जोरात नाक शिंकरलं. सगळी गल्ली चिंगीच्या नवऱ्याकडे मायेने बघत होती.

दार लागलं आणि चिंगीच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"अहो, घर तुमचंच समजा असं म्हणतात! देऊन टाकत नसतात!"

"तिच्या हातात ती जुनी किल्ली बघून कसंतरीच झालं गं. एकच तर दिली."

"एकच!"

"आपल्याकडे चार आहेत ना?"

"चार म्हणजे पाच नव्हेत! आणि तुम्हाला एवढा पुळका कशाचा? सकाळपासून बघतेय, काय बाई असेल, काय बाई असेल. बघितलीत ना? आता पोट भरलं?"

"तुझं काय बिघडवलं तिने?"

यावर चिंगीला जास्तच राग आला. संध्याकाळी त्यांचं सामान आलं. ते लावता लावता ती घरातून त्या बाईच्या खुणा शोधून काढत फिरली. फळीवरचा तो जास्तीचा बल्ब तिने कचऱ्यात टाकला. मग कुलूपवाल्याला फोन लावला आणि म्हणाली, "कुलूप बदलायचंय."

"ताई, आज तर बसवलं!"

"तेच बदलायचंय."

"परवा येतो," तो म्हणाला. फोन ठेवताना तो हसतोय असं चिंगीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवरा आपली किल्ली घेऊन कामावर गेला. उरलेल्या तीन किल्ल्या चिंगीने एका दोऱ्यात बांधून ओट्यावर ठेवल्या. गॅसवर दूध ठेवलं, बारीक आच केली आणि ती पायपुसणं झटकायला बाहेर आली. मागून वाऱ्याची एक झुळूक आली आणि दार लागलं. खट्. अगदी हलका, नव्या कुलपाचा, भारीतला आवाज.

चिंगी हातात पायपुसणं घेऊन दाराकडे बघत राहिली. किल्ल्या आत, फोन आत, दूध गॅसवर. तिने दार ढकललं, हलवलं, दोन-चार लाथाही घातल्या. आवाज ऐकून नर्स बाहेर आली, मग टेलरमास्तर आले, मग शिकवणीवाल्या बाई आल्या. नर्सच्या फोनवरून नवऱ्याला लावला. तो छापखान्यात, मशीनवर जाताना फोन बाहेर ठेवावा लागायचा. मग कुलूपवाल्याला लावला.

"ते किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाही ताई," तो म्हणाला. "म्हणून तर तुम्ही घेतलंत. उघडायचंच तर दार कापावं लागेल, आणि मला यायला तास-दीड तास लागेल."

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती बोलायची कुणाची छाती होत नव्हती. टेलरमास्तर टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत होते.

"वहिनींकडे एक किल्ली आहे ना?" शेवटी शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या.

"नको!" चिंगी म्हणाली.

"अहो पण..."

"नको म्हटलं ना! माझ्या घरात शिरायला मला तिची परवानगी नको."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीतून दूध जळल्याचा वास आला. आधी थोडा, मग भरपूर. काचेआड धूर दिसायला लागला. चिंगीने ओठ घट्ट मिटले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं नव्हतं.

"बोलवा," ती म्हणाली.

वहिनी धावतच आली, कामावरचा एप्रन तसाच अंगावर, पिशवी खांद्याला. तिने कुणाला काही विचारलं नाही. किल्ली घातली, फिरवली, दाराला खालच्या बाजूने गुडघ्याचा एक हलका दणका दिला आणि ते उघडलं. कालपासून चिंगी त्याच दाराशी झटापट करत होती. ते खाली अडकतं हे तिला अजून उमगलं नव्हतं. वहिनी सरळ स्वयंपाकघरात पळाली. गॅस बंद झाल्याचा आवाज आला, खिडक्या उघडल्याचा आला आणि पातेल्यावर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. बाहेर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग ती हात पुसत दाराशी आली. चेहरा लाल झालेला, केस विस्कटलेले. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने बाहेर बघितलं. हातात पायपुसणं धरून चिंगी उभी होती.

"या ना," वहिनी मायेने म्हणाली. "आत या. अशा दाराबाहेर काय उभ्या राहिलात?"

चिंगीच्या कानांतून वाफा निघाल्या. आपल्या घराच्या दारात, आपल्या कुलपासमोर, आपल्यालाच आमंत्रण! उत्तर जिभेच्या टोकावर होतं. हे घर माझं आहे, एवढेच शब्द. तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात वहिनीने खांद्याची पिशवी उतरवली आणि मागे न बघता दारामागे अडकवली. तिथे एक खिळा असायचा. काल संध्याकाळी रागाच्या भरात चिंगीने तोही पकडीने उपटून टाकला होता. पिशवी भिंतीला घासत खाली पडली. आतला डबा उघडला आणि झाकण गडगडत उंबऱ्यापाशी येऊन थांबलं.

वहिनीने भिंतीतल्या भोकाकडे बघितलं. मग त्या खोलीकडे, तिथल्या परक्या खुर्च्यांकडे आणि मग आपल्या पायांकडे, ते उंबऱ्याच्या कुठल्या बाजूला आहेत ते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "अहो," ती म्हणाली, "मी... मी कशी..."

हाच चेहरा चिंगीला बघायचा होता. यासाठीच तिने ते गोड वाक्य जपून ठेवलं होतं. आता तो चेहरा तिच्यासमोर पुरता पडला होता आणि तो सगळी गल्लीही बघत होती. चिंगीला वाटलं होतं की पोटातलं दुखणं आता थांबेल. ते थांबलं नाही, उलट वाढलं. आपला हात असा न बघता जाऊन पोचेल अशी एकही भिंत तिला आजवर मिळाली नव्हती, आणि या बाईकडून घर काढून घेतल्यावरही तिच्या हाताला आपली भिंत ठाऊक होती. हेवा वाटावा असंच होतं ते. पण दुसऱ्याच्या घरात चुकून आपल्या घरासारखं वागून गेल्यावर तोंड कसं होतं, तेही चिंगीला चांगलं माहीत होतं. कित्येक मालकिणींनी तिचं तसं तोंड बघितलं होतं आणि एकीनेही नजर वळवली नव्हती.

"आले हो वहिनी, आले," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. तिने पायपुसणं दाराबाहेर अंथरलं, पाहुण्यासारखे त्यावर पाय पुसले आणि वाकून डब्याचं झाकण उचललं. आत शिरता शिरता कुलपातली किल्ली मात्र तिने काढून घेतली.